नटिंगसाहेब, संघ चालवायचा नसेल तर विकून टाका

श्री. रॉबर्ट नटिंग यांस,
अध्यक्ष, पिट्सबर्ग पायरेट्स,
पीएनसी पार्क, पिट्सबर्ग

स.न.वि.वि.

सप्टेंबरअखेर बेसबॉलचा सीझन संपला. ७१ विजय, ९१ पराभव आणि नॅशनल लीगच्या सेंट्रल विभागात शेवटचा नंबर. जिंकण्यापेक्षा हरणं जास्त, असं हे सलग सातवं वर्ष. आणि आता, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तुमच्याच संघाच्या पॉल स्कीन्सला लीगमधला सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार मिळाला, तोही एकमताने. वर्षभर त्याने दर नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ धावा दिल्या. म्हणजे पूर्ण सामन्यात जेमतेम दोन. तरीही त्याच्या नावापुढे १० विजय आणि १० पराभव आहेत, कारण ज्या संघासाठी तो बॉल टाकतो तो संघ त्याला धावा करून देत नाही. तुमच्या बॅटर्सनी १६२ सामन्यांत ११७ होमरन मारले, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे थेट मैदानाबाहेर गेलेले फटके. मेजर लीगच्या तीस संघांत हा सगळ्यांत कमी आकडा. ही दोन्ही, सर्वोत्तम पिचर आणि सर्वांत दुबळी फलंदाजी, एकाच मालकाच्या पगारपत्रकावर आहेत. म्हणून पत्र मालकाला लिहिते आहे.

इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवली आहे. हे मराठीत लिहिते ते मन्रोव्हिल, क्रॅनबेरी, स्क्विरल हिलमधल्या आमच्या मराठी घरांसाठी, जिथली मुलं काळ्या-सोनेरी टोप्या घालून मोठी झाली. आणि भारतातल्या त्या नातेवाइकांसाठीही, जे दर उन्हाळ्यात फोनवर विचारतात, ‘अगं, तुमचा संघ या वेळी तरी?’ त्यांना एकदा नीट सांगायला हवं की काय झालंय.

पहिली गोष्ट. आम्हाला हरण्याचं वावडं नाही. मी ज्या भारतात वाढले तिथे १९९० च्या सबंध दशकात आमच्या क्रिकेट संघाने परदेशात एकच कसोटी जिंकली, १९९३ मध्ये कोलंबोला. पहाटे उठून ऑस्ट्रेलियातल्या कसोट्या पाहायच्या आणि शाळेत जाईपर्यंत निम्मा संघ बाद झालेला असायचा. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठायचो. कारण मैदानात उतरलेली अकरा माणसं जिंकायला उतरली आहेत याबद्दल कुणाच्या मनात शंका नसायची. हरणाऱ्या संघाच्या मागे उभं राहणं मला पिट्सबर्गमध्ये येऊन शिकावं लागलं नाही. इथे जे पदरी पडलं ते निराळं आहे. इथे जिंकायचं ठरवलंय की नाही, हेच कळत नाही.

बेसबॉल मला आमच्या शेजारच्या आजोबांनी शिकवलं. ब्रॅडॉकच्या पोलाद कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. उन्हाळ्यात संध्याकाळी पोर्चवर रेडिओ लावून बसायचे, मांडीवर स्कोअरकार्ड. रेडिओच का, टीव्ही का नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी अभिमानाने सांगितलं की मेजर लीगचा सामना रेडिओवरून पहिल्यांदा ऐकवला गेला तो याच शहरातून: ५ ऑगस्ट १९२१, फोर्ब्स फील्ड, केडीकेए स्टेशन, पायरेट्स विरुद्ध फिलाडेल्फिया. मग १९६० सांगितलं. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना, समोर न्यूयॉर्कचे यांकीज. सात सामन्यांत मिळून यांकीजच्या ५५ धावा, आपल्या २७. तरी शेवटच्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, नवव्या इनिंगमध्ये बिल मॅझेरॉस्कीने बॉल डावीकडच्या भिंतीपलीकडे मारला आणि १०-९ ने वर्ल्ड सिरीज पिट्सबर्गची झाली. त्या भिंतीचा तुकडा आजही शहरातल्या ओकलंड भागात विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला लोक तिथे खुर्च्या घेऊन जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ प्रक्षेपण पहिल्या बॉलपासून ऐकतात. ज्या शहरात लोक पासष्ट वर्षांपूर्वीचा सामना एवढ्या प्रेमाने ऐकतात, त्या शहराला बेसबॉलची आवड उरली नाही असं कुणी म्हणू नये.

आणि रोबर्टो क्लेमेंटे. त्याच्याबद्दल आजोबा बोलायला लागले की रेडिओचा आवाज कमी करायचे. प्वेर्तो रिकोहून आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा, कातडीच्या रंगावरून आणि उच्चारांवरून टोमणे खाल्लेला खेळाडू. अठरा सीझन याच एका संघासाठी खेळला. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने तीन हजारावा हिट मारला, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानात तो गेला. अडतीस वर्षांचा होता. या देशात बाहेरून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला पायरेट्स आपलेसे वाटले ते या एका नावामुळे. १ सप्टेंबर १९७१ ला मेजर लीगच्या इतिहासात पहिल्यांदा नऊच्या नऊ कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी खेळाडू एकत्र मैदानात उतरवणारा संघही हाच. त्याच वर्षी तो वर्ल्ड सिरीज जिंकला. १९७९ ला पुन्हा जिंकला. त्यानंतर आजतागायत नाही.

१९९२ ची जखम तुमच्या काळातली नाही, ती तुमच्या माथी मारत नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये जाण्यासाठीचा अटलांटातला सातवा सामना, दोन धावांची आघाडी, नववी इनिंग, आणि आपल्याकडूनच तिकडे गेलेला सिड ब्रीम घसरत होम प्लेटला पोचला. ३-२. बॅरी बॉंड्स त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९९३ पासून सुरू झालं ते २०१२ पर्यंत संपलं नाही: सलग वीस वर्षं पराभव जास्त, विजय कमी. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक संघाच्या वाट्याला इतकी लांब रांग आलेली नाही. त्यातली पहिली चौदा वर्षं इतरांची. पुढची सहा तुमची.

जानेवारी २००७ मध्ये तुम्ही या संघाचे मुख्य मालक झालात. त्याच महिन्यात, नदीच्या त्याच काठावर, अमेरिकन फुटबॉलमधल्या स्टीलर्सने माइक टॉमलिनला प्रशिक्षक नेमलं. हे दोन्ही निर्णय एका शहरात एका महिन्यात झाले, म्हणून शेजारीशेजारी ठेवते. टॉमलिनच्या हाताखाली स्टीलर्सचा एकही सीझन असा गेलेला नाही ज्यात पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. तुमच्या मालकीतले एकोणीस सीझन संपले, त्यात विजय जास्त असलेले चार: २०१३, २०१४, २०१५ आणि २०१८. हॉकीतल्या पेंग्विन्सनी याच काळात स्टॅन्ली कप तीनदा आणला. शहर तेच, पाऊस तोच, प्रेक्षक तेच. म्हणून दोष शहराचा नाही.

माझी मुलगी २००१ ची. पीएनसी पार्क उघडलं त्याच वर्षी जन्मली. ती आता चोवीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि तिच्या आख्ख्या आयुष्यात पायरेट्सनी विजयाकडे झुकलेले जे सीझन पाहिले ते वर लिहिलेले चारच. आपल्या विभागात पहिला नंबर तिने एकदाही पाहिलेला नाही.

लोकांनी तुम्हाला सांगितलं नाही असंही नाही. ३० जून २००७ ला, तुमच्या पहिल्याच उन्हाळ्यात, तिसऱ्या इनिंगनंतर प्रेक्षक निषेध म्हणून जागा सोडून उठले होते. २०१० मध्ये तुमच्या संघाची हिशेबाची कागदपत्रं बाहेर फुटली आणि कळलं की २००७ आणि २००८ या दोन वर्षांत, मैदानावर दाणादाण उडत असताना, संघाने मिळून सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा नफा कमावला. त्याच २०१० च्या एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर मिलवॉकीने आपल्याला २०-० ने हरवलं. पायरेट्सच्या तोवरच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. वर्षअखेर १०५ पराभव. २०१८ मध्ये संघ विकावा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. या एप्रिलमध्ये घरच्या पहिल्या सामन्याला विमानामागे फलक फिरला: संघ विका. आणि मग सीझनभर स्टँडमधून त्याच घोषणा.

पण आता मला त्या एका रात्रीबद्दल लिहायचं आहे, कारण तुम्हीही तिथे होतात आणि तुम्हीही ती ऐकलीत.

१ ऑक्टोबर २०१३. एकवीस वर्षांनी पिट्सबर्गमध्ये प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना, समोर सिनसिनाटी. एकच सामना, जिंकला तो पुढे. चाळीस हजारांहून जास्त माणसं आणि सगळ्यांनी काळे कपडे घातलेले. क्लेमेंटे पुलावरून आम्ही चालत आलो तेव्हा अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. सामना सुरू व्हायला तासभर होता, अजून काहीच झालं नव्हतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर साठीतले एक गृहस्थ आपल्या वडिलांचा फोटो खिशात घेऊन आले होते. दुसऱ्या इनिंगमध्ये मार्लन बर्डने होमरन मारला आणि त्यानंतर सिनसिनाटीच्या पिचरच्या नावाचा घोष सुरू झाला. ‘क्वे-टो, क्वे-टो’, लांबवत, खालच्या स्टँडपासून अगदी वरच्या रांगेपर्यंत. जॉनी क्वेटो माउंडवर उभा होता आणि त्याच्या हातातून बॉल निसटून खाली पडला. मैदानभर जो आवाज उठला तो मी त्याआधी कुठे ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. पुढचाच बॉल रसेल मार्टिनने डावीकडच्या स्टँडमध्ये भिरकावला. ६-२ ने जिंकलो. लोक घरी जायला तयार नव्हते. कुणी नाचत होतं, कुणी नुसतंच मैदानाकडे बघत उभं होतं. ते साठीतले गृहस्थ खुर्चीत बसून हुंदके देत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं.

वीस वर्षांच्या पराभवानंतर हे शहर असं आलं होतं, नटिंगसाहेब. एकानेही ‘इतकी वर्षं कुठे होतात’ असं तोंडावर विचारलं नाही. पुढच्या वर्षी ८८ विजय, त्याच्या पुढच्या वर्षी ९८. दोन्ही वेळा त्या एकाच सामन्यात आम्ही हरलो, आधी बमगार्नरसमोर, मग ॲरिएटासमोर. दोघेही पिचर त्या दिवशी अजिंक्य होते. त्याची तक्रार कधीच केली नाही, करणारही नाही. ते हरणं खेळातलं होतं.

९८ सामने जिंकणाऱ्या संघाला एक-दोन मजबूत माणसं जोडायची असतात. तुम्ही हात आखडता घेतलात. दोन वर्षांत गाडी रुळावरून घसरली आणि जानेवारी २०१८ मध्ये अवघ्या काही दिवसांत गेरिट कोल ह्यूस्टनला गेला आणि अँड्र्यू मॅकचन सॅन फ्रान्सिस्कोला. मॅकचन, २०१३ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, ज्याच्या नावाचे शर्ट घालून आमची मुलं झोपायची. त्याच जुलैमध्ये क्रिस आर्चर नावाच्या पिचरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बॅझ असे तिघे टँपाला दिले. कोलने पुढे २०२३ मध्ये यांकीजकडून साय यंग मिळवला. ग्लासनाऊ या महिन्याच्या पहिल्या दिवशी टोरांटोत वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात डॉजर्ससाठी बॉल टाकत होता. होजे बाउटिस्टालाही आपणच सोडलं होतं, २००८ मध्ये. दोन वर्षांनी त्याने टोरांटोसाठी एका सीझनमध्ये ५४ होमरन मारले, आपल्या १०५ पराभवांच्याच वर्षी. आमच्या घरी ऑक्टोबरमध्ये टीव्ही लावला की आपले जुने खेळाडू दुसऱ्यांच्या कपड्यांत दिसतात. या जुलैत डेव्हिड बेडनार गेला. शहराच्या उत्तरेला मार्स नावाच्या छोट्या गावातला आपला मुलगा, लहानपणापासून हाच संघ पाहत मोठा झालेला. तोही आता यांकी आहे.

यावर तुमच्या बाजूने एक उत्तर नेहमी येतं: पिट्सबर्ग छोटं शहर आहे, छोटी बाजारपेठ आहे, लॉस एंजेलिसशी आम्ही कशी बरोबरी करणार? डॉजर्सचं पगारपत्रक ३० कोटी डॉलरच्या वर आहे, हे खरं. बेसबॉलमध्ये फुटबॉलसारखी पगाराची कमाल मर्यादा नाही, हेही खरं. त्या व्यवस्थेत अन्याय आहे आणि तो दूर व्हावा असं मलाही वाटतं. पण डॉजर्सशी तुलना करायचं कुणी तुम्हाला सांगितलेलं नाही. मिलवॉकीशी करा. आपल्याच विभागातला संघ, पिट्सबर्गपेक्षाही लहान महानगर. त्यांचा पगार डॉजर्सच्या निम्म्यालाही पोचत नाही. या वर्षी त्यांनी ९७ सामने जिंकले, तीस संघांत सर्वांत जास्त. गेल्या आठ सीझनमध्ये विभागात पाच वेळा पहिले आले. तिथे बर्फ जास्त पडतो, तिथेही कारखाने बंद झाले. फरक शहरात नाही. फरक इतकाच की तिथली माणसं खेळाडू ओळखतात, घडवतात, आणि लागेल तेव्हा पैसा बाहेर काढतात.

शिवाय छोट्या संघांना तगवण्यासाठी मोठ्या संघांच्या उत्पन्नातला वाटा मिळतो. तो पैसा संघ सुधारण्यासाठी वापरायचा असतो. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने ज्या चार संघांविरुद्ध हा पैसा नीट खर्च होत नसल्याची तक्रार नोंदवली, त्यांत पायरेट्स होते. बाहेरून आणलेल्या वा पुन्हा करारबद्ध केलेल्या फ्री एजंटला, म्हणजे करार संपून कुठेही जायला मोकळ्या असलेल्या खेळाडूला, या संघाने दिलेला आजवरचा सर्वांत मोठा करार कोणता? फ्रान्सिस्को लिरियानोचा, तीन वर्षांचे ३ कोटी ९० लाख डॉलर, डिसेंबर २०१४ चा. त्याला अकरा वर्षं होत आली. एका वर्षाहून लांब मुदतीचा करार एखाद्या फ्री एजंटला शेवटचा दिला तो २०१६ च्या डिसेंबरात. तुमच्या बाजूचंही लिहायला हवं म्हणून लिहिते: ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये १० कोटींहून जास्त डॉलरचा दीर्घ करार दिलात, मिच केलरलाही राखलंत. ती पावलं योग्य होती आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. पण घरातली दोन माणसं राखली म्हणून घर भरत नाही. डावाच्या मधल्या फळीत उभं राहून बॉल मैदानाबाहेर मारणारा माणूस दर वर्षी हवा असतो आणि दर वर्षी उतारवयातला, एका वर्षाच्या करारावर मिळेल तो येतो.

आता मैदानाबद्दल. पीएनसी पार्क देशातलं सर्वांत देखणं बेसबॉल मैदान आहे, असं मी म्हणते आणि इतर शहरांतून आलेले पाहुणेही म्हणतात. होम प्लेटच्या मागे बसलं की समोर ॲलेगेनी नदी, पिवळे पूल, पलीकडे इमारती, आणि सूर्य कलला की काचांवर सोनं पसरतं. ते बांधायला सुमारे २१ कोटी ६० लाख डॉलर लागले. त्यातले संघाचे ४ कोटी. बाकीचा भार लोकांच्या करांचा. आणि लक्षात घ्या, १९९७ मध्ये मैदानांसाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव मतदारांसमोर आला तेव्हा त्यांनी तो फेटाळला होता. तरी दुसरी योजना आखून मैदान उभं राहिलं. तेव्हा आश्वासन एकच होतं की नवं मैदान आलं की उत्पन्न वाढेल आणि संघ स्पर्धेत टिकेल. तुम्ही तेव्हा मालक नव्हता, पण मैदानाबरोबर ते आश्वासनही तुमच्याकडे आलं. १९९६ मध्ये हा संघ साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास विकला गेला होता. आज त्याची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर धरतात. ती वाढ मैदानाने, शहराने, तिकीट काढणाऱ्या माणसाने करून दिली आहे.

या वर्षीच्या एप्रिलात दोन गोष्टी घडल्या आणि त्या पराभवांपेक्षा जास्त लागल्या. मैदान उघडलं तेव्हा लोकांनी पैसे भरून दाराबाहेरच्या फरशीत आपल्या माणसांच्या नावाच्या विटा बसवल्या होत्या. कुणी वारलेल्या वडिलांच्या, कुणी लेकराच्या. त्या उखडून टाकल्या गेल्या आणि कुणाला काही सांगायच्या आधी त्यांचे भंगाराच्या ढिगातले फोटो लोकांनी पाहिले. दुसरी गोष्ट, उजवीकडच्या भिंतीवरचा क्लेमेंटेचा २१ हा आकडा. त्याच्या मानासाठी ती भिंत २१ फूट उंच बांधली आहे. त्यावरचा आकडा काढून तिथे मद्याची जाहिरात लावली गेली. क्लेमेंटेच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केली, लोक खवळले, तेव्हा आकडा परत आला. दोन्ही वेळा चूक झाल्याचं संघाकडून सांगण्यात आलं. पण विटेवरचं नाव काय असतं आणि भिंतीवरचा आकडा काय असतो, हे कार्यालयातल्या एकाही माणसाच्या लक्षात येऊ नये? संघ हरतो तेव्हा लोकांकडे राहतात त्या याच गोष्टी. त्यांनाही हात लावला गेला, म्हणून या वर्षी घोषणा थांबल्या नाहीत.

हा संघ वेगळं काही करू शकतो, हे भारतीय म्हणून मला चांगलं माहीत आहे. २००८ च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांना, करारबद्ध केलं. बेसबॉल हातात घेऊन वर्षही झालं नसलेली मुलं. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. ते मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, रिंकूने खालच्या लीगमध्ये काही सीझन चांगली झुंज दिली. पण त्या हिवाळ्यात आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. नाशिकहून माझ्या मामांनी वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवलं होतं. तेव्हा जे धाडस दाखवलंत त्याच्या चौथ्या हिश्शाइतकं धाडस आज बॅटर आणताना दाखवा.

कारण आता वेळ मोजकी आहे. स्कीन्स २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकाने तुमच्याकडे आला. मे २०२४ मध्ये पहिला सामना खेळला, त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि या वर्षी ३२ सामन्यांत २१६ बॅटर्सना स्ट्राइकआउट केलं. या वर्षी तुम्ही त्याला दिलेला पगार दहा लाख डॉलरही नव्हता. २०२९ चा सीझन संपला की तो हवं तिथे जायला मोकळा आहे. म्हणजे उरले चार सीझन, आणि खरं सांगायचं तर तेवढेही नाहीत, कारण आमचा अनुभव असा की माणूस महाग व्हायला लागला की वर्ष-दोन वर्षं आधीच त्याचा ट्रेड होतो. ज्या रात्री तो बॉल टाकतो त्या रात्री मैदान भरतं. माझ्या मुलीच्या ऑफिसातली बेसबॉलशी काडीचा संबंध नसलेली मुलं त्याच्यासाठी तिकिटं काढतात. सात इनिंग तो एकही धाव देत नाही, मग बदली पिचर येतो, आपल्या फलकावर शून्य किंवा एक, आणि आम्ही पुलावरून परत जाताना एकमेकांशी बोलत नाही. खालच्या लीगमध्ये कॉनर ग्रिफिन आहे, एकोणीस वर्षांचा, देशातल्या सर्वांत होतकरू खेळाडूंत गणला जाणारा. लोक त्याच्याबद्दल आनंदाने बोलायला लागतात आणि मग मध्येच कुणीतरी विचारतं, ‘हा किती वर्षांनी जाईल?’ एकोणीस वर्षांच्या मुलाकडे पाहून चाहत्यांच्या मनात पहिला प्रश्न हा यावा, ही तुमच्या मालकीची कमाई आहे.

मे महिन्यात मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलंत. १२ विजय आणि २६ पराभव होते, जाणं अटळ होतं. त्याच्या जागी डॉन केली आला, इथलाच मुलगा, मेहनती माणूस, आणि त्याच्याखाली संघ थोडा सावरला. पण मॅनेजरला जे खेळाडू दिले जातात त्यांच्यातूनच तो नऊ जण निवडतो. गेल्या एकोणीस वर्षांत मॅनेजर बदलले, जनरल मॅनेजर बदलले, संघाचे प्रेसिडेंट बदलले, शेकडो खेळाडू आले आणि गेले. न बदललेली खुर्ची एकच.

माझे काही मित्र म्हणतात, एवढा त्रास होतो तर बघणं सोड, हॉकी बघ. त्यांना कळत नाही की संघ बदलता येत नाही. मी पेंग्विन्सचे सामने पाहते, आनंदाने पाहते. पण एप्रिल ते सप्टेंबर रोज संध्याकाळी सात वाजता जो आवाज घरात लागतो तो पायरेट्सचा. स्वयंपाक करताना, मुलीचा अभ्यास घेताना, आई आजारी असताना भारतातल्या फोनची वाट बघत जागताना, हाच आवाज होता. शेजारचे आजोबा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांची स्कोअरकार्डं मला आणून दिली. शेवटच्या उन्हाळ्यातलीही होती. हात थरथरत होता, आकडे रेषेबाहेर गेलेले, पण एकही सामना अर्धवट सोडलेला नाही. असे लोक या शहरात हजारोंनी आहेत. त्यांनी तुमच्याकडे वर्ल्ड सिरीज मागितलेली नाही.

आम्ही मागतो ते एवढंच. हा हिवाळा संपायच्या आत किमान एक खरा, भरवशाचा, अनेक वर्षांच्या करारावरचा बॅटर आणा. एक आणलात तर लोक दुसऱ्याची वाट बघतील. स्कीन्सशी दीर्घ कराराची प्रामाणिक बोलणी करा, आणि ती फिसकटली तर कुठल्या आकड्यावर फिसकटली ते लोकांना सांगा. इतर संघांच्या उत्पन्नातून मिळालेला वाटा आणि मैदानाचं उत्पन्न यातलं खेळाडूंवर किती खर्च होतं, याचा हिशेब दर वर्षी जाहीर करा. मैदान लोकांच्या पैशाचं आहे, तेव्हा हा प्रश्न विचारायचा हक्क लोकांना आहे. आणि यातलं काहीच शक्य नसेल, करायची इच्छा नसेल, तर संघ विका. शहरातून हलवू नका, दुसऱ्या शहराला देऊ नका. ज्याला तो जिंकताना बघायचा आहे अशा माणसाला विका. तुम्हाला नफा पुरेपूर मिळेल, तो कुणी नाकारत नाही.

आमचा गट गेली बरीच वर्षं उजवीकडच्या भिंतीजवळच्या रांगेत सीझन तिकिटं घेतो. त्यात तीन मराठी घरं आहेत, एक तेलुगू, दोन पोलिश, आणि एक निवृत्त शिक्षिका जिने १९७१ ची वर्ल्ड सिरीज प्रत्यक्ष पाहिली आहे. या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे की नूतनीकरणाचा फॉर्म भरायचा नाही. वर लिहिलेल्यांपैकी पहिली गोष्ट झाल्याची बातमी आली की त्याच दिवशी भरू. फॉर्म माझ्याकडे आहेत, सह्या झालेल्या आहेत, फक्त पाठवायचे राहिले आहेत.

कळावे.

आपली,
पायरेट्सची एक चाहती
मन्रोव्हिल, पेनसिल्व्हेनिया
नोव्हेंबर २०२५